दुर्घटनेनंतर वस्तीसोबत उभं राहताना: पहिल्या रात्रीपासून वर्षश्राद्धापर्यंत

दरड कोसळते, पुराचं पाणी घरात शिरतं, दंगलीत गल्ली जळते, कर्ता माणूस रानात जाऊन औषध पितो. अशा वेळी दारात सगळ्यांत आधी पोचतात ते मानसोपचारतज्ज्ञ नसतात. पोचतात आशाताई, शाळेतले गुरुजी, ग्रामसेवक, बचत गटाच्या बायका आणि तरुण मंडळाची पोरं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. धक्का बसलेल्या माणसाचं सावरणं समुपदेशनाच्या खोलीत जितकं ठरतं, त्याहून जास्त पंचनाम्यात, निवाऱ्यात, घराच्या जागेत आणि शेजारात ठरतं. म्हणून या मार्गदर्शनात मनाइतकंच कागदपत्रांबद्दल आहे.

आधी समजून घ्या: इथे नेमकं काय गेलं?

धक्का सगळ्यांना बसतो, पण सारखा बसत नाही. मदतीची एकच यादी घेऊन प्रत्येक गावात जाऊ नका.

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक दमून झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरचं माळवद, म्हणजे पिढ्यानपिढ्यांचा आसरा, त्यानेच माणसं मारली. त्यानंतर कित्येक महिने लोक छपराखाली झोपायला तयार नव्हते. इथे लोकांचा घरावरचाच भरवसा गेला होता.

खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. वस्ती ठाकर आदिवासींची, वर जायला गाडीचा रस्ता नव्हता. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. बरीच मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, त्यातल्या काहींना परतायला घर उरलं नाही. इथलं दुःख मुख्यतः न सापडलेल्या देहांचं आहे.

कोल्हापूर-सांगलीत २००५, २०१९, २०२१ असे पुन्हापुन्हा पूर आले. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावची नाव ऑगस्ट २०१९ मध्ये उलटली ती लोकांना गावाबाहेर काढतानाच. इथे धक्का एकदाच बसून संपत नाही. जुलै लागला की माणसं रात्री उठून मोबाइलवर कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात.

विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या झालेल्या घरी गर्दी पहिले काही दिवसच असते. नंतर येते ती कुजबुज आणि फाईल. शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला, कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं असलं, की फाईल अडते. ‘अपात्र’ हा शिक्का त्या बाईला कसा लागतो ते तिच्या तोंडून ऐका. तिच्या लेखी सरकारने नवऱ्याचं मरणच नाकारलेलं असतं.

आणि काही समाजांच्या अंगावर जुने घाव आधीचेच असतात. पारधी वस्तीत आग लागल्यावर पोलिसांची गाडी मदतीला आली तरी बायका पोरांना घेऊन रानात पळतात, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. १८७१ च्या कायद्याने या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यातून सुटका झाली १९५२ साली, आणि संशय अजून सुटलेला नाही. दलित वस्तीतल्या लोकांना निवाऱ्यात पाणी शेवटी मिळालं, किंवा त्यांची सतरंजी बाजूला पडली, तर पुराच्या धक्क्यावर दुसरा धक्का बसतो आणि तो बराच खोल जातो.

म्हणून पहिलं काम: वस्तीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांकडे, त्यात एक तरी बाई हवी, बसून विचारा. काय गेलं? कोणाची भीती वाटते? कोणावर भरवसा आहे? याआधी असं काही झालं होतं तेव्हा कसे सावरलात? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. खरं तर सर्वांत उपयोगी उत्तर त्यालाच मिळतं.

शरीरात काय चाललेलं असतं

थोडक्यात. धोका दिसला की मेंदू शरीराला पळायला, लढायला किंवा गोठून जायला तयार करतो. धोका टळल्यावरही ही यंत्रणा काही दिवस चालूच राहते. झोप उडते, छातीत धडधडतं, डोकं बधिर होतं, पत्र्यावर पाऊस वाजला की काळजात धस्स होतं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहतो. काही जण अजिबात रडत नाहीत, यंत्रासारखे काम करत राहतात आणि लोक म्हणतात, ‘काय धीराचा आहे!’ बहुतेकांची ही अवस्था काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पहिल्या महिन्यात याला आजार म्हणू नका, आणि त्या माणसालाही तसं म्हणू देऊ नका. ‘एवढ्या मोठ्या प्रसंगानंतर असं होतंच,’ हे वाक्य शांतपणे सांगितलं तरी पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो, कारण आपल्याला वेड लागतंय की काय ही भीती त्यांनी कुणाला बोलून दाखवलेली नसते.

आपल्याकडे मनाचं दुखणं बरेचदा अंगावर निघतं: पाठ धरते, पोटात आग पडते, हातपाय गळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा तक्रारींची रांग वाढली तर ती नाटकं नाहीत, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनाही सांगा. आणि तरीही तपासणी करूनच घ्या. चिखलपाण्यातून आलेल्या माणसाला लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) झालेला असू शकतो.

पहिले तीन दिवस

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत मांडली, तिचा गाभा तीन क्रियापदांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या.

पाहा म्हणजे आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहा. मग कोण एकटं बसलंय, कोणाला औषध चालू होतं, गरोदर बाई कोण, अंगावर पाजणारी कोण. बीपी, साखर, फिट आणि मानसिक आजाराच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात. त्यांची यादी पहिल्याच दिवशी करा. मिरगीचा किंवा आधीपासून मानसिक उपचार घेणारा रुग्ण गोळ्या तुटल्याने बिघडतो, आणि मग लोक त्याला ‘धसका घेतला’ म्हणतात.

ऐका म्हणजे बोलतं करू नका. घटना सविस्तर सांगायला लावणं, सगळ्यांना गोल बसवून ‘मोकळे व्हा’ म्हणणं, हे टाळा. एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायची पद्धत पूर्वी जगभर चालायची. तिने फायदा होत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं दिसल्यावर ती आता सुचवली जात नाही. तरीही निवाऱ्याच्या दारात बॅनर लावून, हातात फॉर्म घेऊन तेच चालतं. कॅमेऱ्यापुढे तीच हकिकत पाचव्यांदा सांगणाऱ्या बापाला बाजूला घेऊन जाणं, हासुद्धा उपचारच आहे.

संभाषण साधारण असं जावं. शाळेच्या व्हरांड्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली आहे, पुढ्यातलं ताट तसंच आहे.

‘आजी, मी खालच्या गावचा. शाळेत शिकवतो. बसू का जरा इथं?’
ती मानेनेच हो म्हणते.
‘थंडी वाजतेय का? चादर आणतो.’
‘नको बाबा. माझी वाकळ व्हती.’
‘कुठली वाकळ?’
‘लेकीच्या बाळंतपणाला शिवली व्हती.’ मग बराच वेळ काही नाही.

इथे गप्प राहायचं. ‘जाऊ द्या आजी, दुसरी मिळेल,’ म्हणायचं नाही. ती पुढे बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर बसून राहायचं. उठताना विचारायचं, ‘रात्री सोबत कोण आहे तुमच्या? लेकीला फोन लावून देऊ का?’ हेच ते जोडून देणं. नंबर पाठ नसतो, मोबाइल गाडला गेलेला असतो. आशाताईंच्या वहीत किंवा रेशन दुकानात नंबर सापडतो.

न बोलण्याच्या गोष्टी: ‘रडू नका’, ‘देवाची मर्जी’, ‘निदान एक पोर तरी वाचलं’, ‘मला समजतं तुमचं दुःख’. आणि पाळता येणार नाही असं कोणतंही वचन. ‘उद्या साहेब येतील’ म्हणालात आणि साहेब आले नाहीत, तर तुमच्या पुढच्या शब्दाला किंमत राहत नाही.

कुणाचा श्वास लागला, हातपाय थरथरू लागले तर पाय जमिनीला टेकवून बसवा, तोंडावरून पाण्याचा हात फिरवायला सांगा, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त वेळ घ्यायला लावा. समोरच्या चार-पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा. तुम्हीही सोबत करा, म्हणजे त्यांना ओशाळल्यासारखं होत नाही. सगळ्यांना सरसकट झोपेच्या गोळ्या वाटायच्या नाहीत. पहिल्या महिन्यात त्या टाळाव्यात असाच सल्ला आहे.

निवाऱ्यात बायकांसाठी आडोसा, उजेड असलेली संडास-मोरीकडे जाणारी वाट आणि सॅनिटरी पॅड या तीन गोष्टी पहिल्या रात्रीच हव्यात. रात्रभर लघवी दाबून जागी असलेली बाई दुसऱ्या दिवशी ‘शॉकमध्ये’ दिसते.

पहिला महिना: कागद, काम आणि शाळा

मदतीच्या रांगेत उभं राहणं हा दुसरा अपघात होऊ नये. गावातल्या दहावी-बारावीच्या पोरांना बसवून प्रत्येक घराची एक पिशवी करा: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, सातबारा, मृत्यूचा दाखला, जे आहे त्याच्या प्रती आणि जे गेलं त्याची यादी. पंचनाम्यात नाव सुटलं असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ज्यांच्या नावावर घर नाही असे भाडेकरू, ऊसतोड मजूर, पालावरची कुटुंबं, सालगडी नेहमी यादीबाहेर राहतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी मारा. आपलं नाव यादीत दिसलं की माणसाला झोप लागते, हे गंमत म्हणून सांगत नाही.

लोकांना काम द्या. चूल लावणं, याद्या करणं, मुलांवर लक्ष ठेवणं, गुरांचा चारा बघणं. निवाऱ्यात आयतं जेवण येतं आणि दिवस रिकामा जातो, तेव्हा पुरुष दारूकडे वळतात. दारू हे पुरुषांच्या धक्क्याचं सर्वांत नेहमीचं रूप आहे आणि त्याचा मार बायका-पोरं खातात. बचत गटाने याकडे डोळा ठेवावा.

एखाद्या बाईच्या अंगात आलं, कुणी भगताकडे निघालं, तर हसू नका, वादही घालू नका. सोबत जा. पूजा-नारळ करून मन शांत होत असेल तर होऊ द्या. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं दिसलं तर थांबवा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

मुलांसाठी सर्वांत मोठं औषध म्हणजे शाळा सुरू होणं, मग ती मंडपात का भरेना. लहान मुलं अंथरूण ओलं करू लागतात, आईला सोडत नाहीत, बाहुली मातीत पुरून बाहेर काढण्याचा खेळ पुन्हापुन्हा खेळतात. तो खेळ बंद करू नका. फक्त शेवट बदलता येतो का बघा, ‘चला, हिला दवाखान्यात नेऊ.’ ‘बाबा गावाला गेलेत’ असं खोटं सांगू नका. मूल वाट बघत राहतं आणि वर मोठ्यांवरचा विश्वास जातो. ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत, तू आजीजवळ राहणार आहेस,’ एवढं साध्या भाषेत सांगा. सगळ्यांत जवळच्या माणसाने सांगावं. अनाथ झालेल्या मुलाला कुणी लांबच्या संस्थेत न्यायला आलं तर आधी बालकल्याण समितीला कळवा, १०९८ वर फोन करा, आणि भावंडांची ताटातूट होऊ देऊ नका.

देह सापडला नाही तेव्हा

हा भाग वेगळा लिहितो, कारण इथे चांगले लोकही चुकतात. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना ‘आता आशा सोडा’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, आणि ‘येतील कदाचित’ म्हणणंही बरं नाही. शोध कुठवर झाला, का थांबवला, हे अधिकाऱ्यांनी घरच्यांना समोर बसवून, नकाशावर दाखवून सांगितलं पाहिजे. ते घडवून आणणं तुमचं काम. बातम्यांतून कळलेलं ‘शोधकार्य थांबवलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं सलत राहतं.

एरवी सात वर्षं ठावठिकाणा नसेल तरच कायदा मृत्यू गृहीत धरतो. मोठ्या आपत्तीत मात्र सरकार खास आदेश काढून आधी दाखला देऊ शकतं, २०१३ च्या केदारनाथ प्रलयानंतर तसं झालं. दाखला हातात घेणं काही बायकांना नवऱ्याला स्वतःच्या हाताने मारल्यासारखं वाटतं. त्या नाही म्हणाल्या तर घाई करू नका. दाखला मदतीसाठी आहे, वाट बघणं त्याने बंद होत नाही, हे सांगा. विधी कधी आणि कसे करायचे हे त्या समाजाच्या रीतीने, त्यांच्या जाणत्यांकडून ठरू द्या. देहाशिवाय करायचे विधी बहुतेक समाजांत आहेत. दरडीच्या जागेवर जायचं असेल तर सुरक्षित अंतरावरून, सगळ्यांनी मिळून जाण्याची सोय करा.

महिना उलटल्यावर: डॉक्टरांकडे कोणाला न्यायचं

महिन्यानंतरही तीच दृश्यं जागेपणी किंवा स्वप्नात येतात, माणूस त्या रस्त्याने, त्या नदीकडे जाणंच टाळतो, सतत दचकतो, कामधंदा आणि घरातलं बोलणं बंद झालंय, अशांना तज्ज्ञाची गरज आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पहिल्या खेपेला सोबत जा, कारण ओपीडी कुठल्या वारी असते इथपासून अडचण असते. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. नंबर नुसता सांगू नका, पहिला फोन तुमच्या मोबाइलवरून लावून द्या आणि बाजूला सरा.

जीव देण्याबद्दल थेट विचारा. ‘इतकं सगळं झाल्यावर कधी जगू नये असं मनात येतं का?’ विचारल्याने कल्पना सुचत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे त्या घरातून हलवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून पोलीस केस होईल या भीतीने कुटुंबं उपचार लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, हे त्यांना सांगा.

वस्ती सावरते कशाने

किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. बऱ्याच ठिकाणी आखणी शहरी कॉलनीसारखी झाली: सरळ रुंद रस्ते, आणि जमीन किती यावरून २५० ते ७५० चौरस फुटांपर्यंतची घरं. घरं भक्कम होती. पण एका आळीतली भावकी विखुरली, भूमिहीन एका टोकाला आणि बागायतदार दुसऱ्या टोकाला गेले, बायकांची ओट्यावर बसायची जागा गेली. पुनर्वसनाच्या बैठकीत तुम्ही हजर असाल तर एकच मुद्दा लावून धरा: कोणाच्या शेजारी कोण राहत होतं याचा नकाशा आधी काढा आणि घरवाटप त्यावरून करा. चिठ्ठ्या टाकण्यात न्याय दिसतो, पण शेजार तुटतो.

त्याच भूकंपाने दुसरी गोष्टही दाखवली. जी गावं हलवली नव्हती, तिथे घरदुरुस्तीसाठी सरकारने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. ज्या कधी ग्रामसभेत बोलल्या नव्हत्या त्या गवंड्याला लोखंड किती, सिमेंट किती विचारू लागल्या. पुढे २००१ च्या भूकंपानंतर याच भागातल्या बायका गुजरातला गेल्या, तिथल्या बायकांशी बोलायला. ज्याच्यावर गुदरलं तोच दुसऱ्याला धीर द्यायला जातो, तेव्हा दोन्हीकडचं काम होतं.

भिवंडीचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं हे गाव १९९२-९३ मध्ये, शेजारी मुंबई पेटली असताना, मोठ्या प्रमाणात शांत राहिलं. त्याचं श्रेय पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीच उभारलेल्या मोहल्ला समित्यांना दिलं जातं. दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसत होते, एकमेकांना नावाने ओळखत होते. दंगलीनंतर घेतलेल्या शांतता फेरीपेक्षा दंगलीआधीची कंटाळवाणी मासिक बैठक जास्त कामाची.

आणि हेरवाड. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्याच्या तासाभरात बाईवर सगळ्यांदेखत होणारा हा प्रकार थांबवायला पैसा लागत नाही, ग्रामसभा लागते. आत्महत्याग्रस्त भागातल्या गावांनी हा ठराव आधी करावा असं माझं मत आहे. त्याच्याच जोडीला पहिल्या सहा महिन्यांत तिच्या घरी कोण जाणार याच्या पाळ्या लावाव्यात, आणि फाईल ‘अपात्र’ ठरली तरी पाळ्या बंद करू नयेत.

तुम्ही स्वतः

ज्यांनी ढिगाऱ्यातून देह काढले ती मंडळाची पोरं घरी जाऊन जेवू शकत नाहीत, कुणाला सांगतही नाहीत. देह काढण्याचं काम एकाच जोडीला सलग देऊ नका. दिवस संपल्यावर एकत्र चहा घेऊन, हातपाय धुऊन मगच घरी सोडा. हौशी फोटो ग्रुपवर फिरवू देऊ नका. आशाताईंचं स्वतःचं घर पाण्यात असतं आणि त्या दुसऱ्यांच्या याद्या करत असतात. त्यांना सुट्टी द्या म्हणजे नुसतं तोंडाने सांगू नका, त्यांची वही कोण सांभाळणार ते ठरवा.

पहिलं वर्ष आणि पुढचा पाऊस

पहिला पाऊस, पहिली दिवाळी आणि ती तारीख जवळ आली की बरी झालेली माणसंही पुन्हा खचतात. वर्षश्राद्धाच्या आधी पंधरा दिवस घरोघरी एक फेरी मारा. सामूहिक श्रद्धांजली ठेवणार असाल तर नेत्यांची भाषणं घरच्यांना विचारूनच ठेवा.

पूरपट्ट्यात भीतीवरचा सगळ्यांत चांगला उतारा म्हणजे आधी ठरलेली कृती. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नुसता आकडा बघत रात्र काढण्यापेक्षा मे महिन्यातच ग्रामसभेत फळ्यावर लिहा: इतक्या फुटांना म्हातारी माणसं आणि बाळंतिणी हलवायच्या, इतक्याला गुरं, इतक्याला सगळे. कुठला ट्रॅक्टर कोणाच्या दारात जाईल, नावेत एका वेळी किती माणसं, ती मोजणार कोण. एकट्या राहणाऱ्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची यादी ग्रामपंचायतीत, आशाताईंकडे आणि मंडळाच्या अध्यक्षाकडे अशा तीन ठिकाणी ठेवा. मग जूनमध्ये एका कोरड्या रविवारी सगळं एकदा खरोखर करून बघा, गुरांसकट.